शाकारणीच्या गवताचं आडनाव

पावसाळा तोंडावर आला की माझ्या आजोळी गोठा शाकारायला घ्यायचे. खालून एकजण गवताची पेंढी वर भिरकवायचा, वाशांवर बसलेला दुसरा ती झेलून दाबून बसवायचा. काम वळचणीपासून सुरू होऊन आढ्यापाशी संपायचं, म्हणजे वरच्या थराचं टोक खालच्या थरावर येई आणि पाणी आत न झिरपता पागोळ्यांवाटे खाली उतरे. गवत कुठलंही चालत नसे. गावाबाहेर ओढ्याच्या वळणाशी एक सखल, ओलसर बेचकं होतं, तिथलंच लांब आणि चिवट गवत आणायचं असा रिवाज. त्या जागेला वेगळं नाव नव्हतं. ‘तिथलं गवत’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरमध्ये, अगदी अशाच एका जागेला नाव मिळालं. त्या जागेवरून तिथे राहणाऱ्या माणसांना आडनाव मिळालं. आणि ते आडनाव फिरत फिरत अशा ठिकाणी पोचलं की आज मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ते रोज छापलं जातं. थॅकरे. रोमन लिपीत नऊ अक्षरं : टी, एच, ए, सी, के, ई, आर, ए, वाय. आपली नजर त्यांवरून इतक्या सवयीनं जाते की त्यांत काय काय साठलंय ते दिसत नाही. एखादी बंदिश आपण सुरुवातीला फक्त ऐकतो, आणि कुणी जाणकार शेजारी बसून ‘ही जागा बघ’ म्हणाला की ती उलगडत जाते. या नऊ अक्षरांतही अशा जागा आहेत.

पहिली जागा ‘थॅक’. इंग्रजीत गवताच्या छपराला थॅच म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असतं. मग इथे ‘च’ कुठे गेला? उत्तर भूगोलात आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘क’चा दक्षिणेत जिभेवर घोळून ‘च’ झाला. उत्तरेत नवव्या आणि दहाव्या शतकांत डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले लोक वस्ती करून राहिले, आणि त्यांच्या बोलीतला ‘क’ टणकच राहिला. दक्षिणेतलं चर्च ते उत्तरेतलं कर्क, दक्षिणेतला डिच म्हणजे खंदक तो उत्तरेतला डाइक, आणि दक्षिणेतलं थॅच ते उत्तरेतलं थॅक. नॉर्स भाषेत ‘थाक’ म्हणजे छप्पर आणि छपरावर घालायचं गवतही. स्वीडिश माणूस आजही छपराला ‘ताक’ म्हणतो, जर्मन माणूस ‘दाख’. या एका ‘क’वरून कळतं की हे नाव उत्तरेचं आहे. एका व्यंजनात आडनावाचा मुलूख सांगून टाकणं, याहून कमी शब्दांत कुणी काय सांगणार!

हीच तफावत धंद्याच्या आडनावांतही उतरली आहे. छप्पर शाकारणारा तो दक्षिणेत थॅचर, उत्तरेत थॅकर किंवा थीकर. नॉरफककडे थॅक्स्टर असंही रूप सापडतं, त्यातलं ‘स्टर’ हे मुळात बाईमाणसाच्या कामाला लागणारं शेपूट. म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पतीकडून घेतलेलं आडनाव आणि मुंबईतल्या थॅकर अँड कंपनीचं नाव, दोन्ही एकाच छपरावरचे कारागीर आहेत. याच थॅकर अँड कंपनीनं 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शूद्र कोण होते, हा प्रश्न घेऊन लिहिलेला ग्रंथ प्रकाशित केला. पण थॅकर हे माणसाचं काम सांगणारं नाव आहे आणि थॅकरे हे जागेचं. दोघांत फक्त एका ‘रे’चं अंतर आहे, आणि त्या ‘रे’कडे मी येणारच आहे.

त्याआधी ‘थाक’ या शब्दाच्या मुळाशी एक मराठी शब्द बसलाय, तो दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. छप्पर म्हणजे झाकण. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं. कौलाला इंग्रजीत टाइल म्हणतात तो शब्द तिथूनच आला, आणि रोमन माणसाचा अंगावर घ्यायचा टोगाही. जर्मानिक भाषांत जुन्या ‘त’चा ‘थ’ आणि ‘ग’चा ‘क’ झाला. याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडलेला हा ध्वनिबदलाचा नियम. आपल्या ‘त्रि’समोर इंग्रजी थ्री ठेवा, आपल्या ‘युग’समोर जोखड या अर्थाचा योक ठेवा, दोन्ही बदल कानाला पटतात. ‘तेग’चं ‘थाक’ होताना हे दोन्ही बदल एकाच छोट्या शब्दात, पहिल्या आणि शेवटच्या व्यंजनाला, एकदम घडलेले दिसतात. संस्कृतात याच कुळातला धातू ‘स्थग्’, म्हणजे झाकणं, लपवणं. त्यावरून आलेला शब्द आपण रोज वापरतो : स्थगित. सभा स्थगित झाली, निर्णय स्थगित ठेवला, म्हणजे मुळात त्यावर झाकण घातलं. यॉर्कशरमधलं गवताचं छप्पर आणि आपल्या कार्यालयातलं ‘स्थगिती’ लिहिलेलं टिपण एका घरातले आहेत, हे कळल्यावर मला कितीतरी दिवस तो शब्द नुसता उच्चारतानाही आनंद होत होता.

आता ‘रे’. या आडनावातलं सगळ्यात नाजूक काम इथे आहे. नॉर्स भाषेत ‘व्रा’ म्हणजे कोपरा, बेचकं, आडबाजूची जागा. डोंगराच्या कुशीत वळलेला जमिनीचा तुकडा, नदीनं वळसा घेताना आत सोडलेली चिंचोळी पट्टी, वाटेवरून सहसा न दिसणारी जागा. ‘थाक-व्रा’ म्हणजे शाकारणीचं गवत जिथे उगवतं ते बेचकं. उत्तर इंग्लंडच्या नकाशावर हा ‘व्रा’ ठिकठिकाणी लपलेला आहे. लँकशरमध्ये रे नावाचं गावच आहे. कंब्रियातल्या डॉक्रेमध्ये तो शेपटाला आहे. आणि गंमत अशी की उत्तरेत ‘व्रा’मधला दीर्घ आ पुढे सरकून ‘ए’ झाला, तर थोडं दक्षिणेकडे त्याच ‘आ’चा ‘ओ’ झाला. म्हणून एकाचं आडनाव रे आणि दुसऱ्याचं रो. दोघांचे पूर्वज कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातच राहत होते.

‘व्रा’मधला ‘व’ कानाला कधीच ऐकू येईनासा झाला. इंग्रजीत ‘लिहिणं’, ‘चूक’, ‘मनगट’ यांसाठीचे शब्द लिहिताना सुरुवातीला डब्ल्यू लिहितात आणि बोलताना गिळतात, तसाच. तरी काही घराण्यांनी आडनावात तो जपला आणि थॅक-डब्ल्यू-रे असं लिहीत राहिली. काहींनी तो सोडला. काहींनी शेवटी वायच्या जागी एच लिहून ‘थॅक्रा’ केलं, त्यात जुन्या ‘व्रा’चा आ अजून शाबूत आहे. एकाच नावाची ही रूपं शेजारी शेजारी मांडली की जमीन खणताना मातीचे थर दिसावेत तसं वाटतं : एकात हरवलेलं व्यंजन उरलंय, दुसऱ्यात जुना स्वर, तिसऱ्यात दोन्ही गेलेत पण बोलायची लय अचूक आहे. लिहिणाऱ्यांपैकी कुणी भाषाशास्त्रज्ञ नव्हता. गावचा पाद्री बाप्तिस्म्याच्या वहीत जसं ऐकू आलं तसं लिहायचा, आणि तरीही या सगळ्यांनी मिळून काही म्हणजे काही हरवू दिलं नाही.

राहिला मधला ‘ई’. यॉर्कशरमधलं जास्त आढळणारं रूप ‘थॅक्रे’, दोनच अवयवांचं, आठ अक्षरांचं. ‘क’ आणि ‘र’ जोडून उच्चारायला जिभेला जरा कष्ट पडतात, म्हणून काहींच्या तोंडी मध्ये एक पुसट स्वर शिरला आणि ‘थॅकरे’ झालं. आपल्याकडे ‘भक्त’चा ‘भगत’ होतो, ‘धर्म’चा ‘धरम’ होतो, तोच हा प्रकार, व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. या एका पाहुण्या स्वरामुळे नावाला तिसरा अवयव मिळाला आणि चाल बदलली. ‘थॅक्रे’ दार लोटल्यासारखं पटकन संपतं, ‘थॅकरे’ जरा रेंगाळतं. मला विचाराल तर कादंबरीच्या मुखपृष्ठावर शोभावं असं दुसरंच आहे. ते जास्त दुर्मीळही आहे.

नावामागचं ते बेचकं होतं यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात, फ्यूस्टनजवळच्या ग्रेट टिम्बल या भागात. तिथून जो कुटुंबकबिला निघाला, त्याच्या नावापुढे जुन्या दस्तऐवजांत ‘डे’ लागायचा. आपला ‘कर’ जे काम करतो तेच काम हा ‘डे’ करायचा, फक्त तो गावाच्या नावाआधी बसायचा. 1379 साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमलात डोईपट्टी गोळा केली गेली. तिच्या वेस्ट रायडिंगच्या याद्या टिकल्या आहेत आणि आडनावांच्या अभ्यासकांना त्या म्हणजे मोठंच भांडार वाटतात, कारण ‘डे’ गळून नाव पक्कं होतानाचा काळ त्यांत पकडलेला आहे. पुढे ‘डे’ गळला. नाव गावाचं राहिलं नाही, माणसांचं झालं.

आडनाव विरळ का राहतं, याचं उत्तरही याच घडणीत आहे. लोहार गावोगाव असतो, म्हणून स्मिथ हे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. पण हे गवताचं बेचकं एकच होतं. अशा जागेवरून निघालेलं नाव बहुधा एका घरातून किंवा थोड्या घरांतून पसरतं. यॉर्कशरची कितीतरी आडनावं अशी एकेका वस्तीपर्यंत, एकेका कुटुंबापर्यंत मागे नेता येतात, हे जॉर्ज रेडमंड्स यांनी आयुष्यभर दस्तऐवज चाळून दाखवलं. म्हणून इंग्लंडभर पाहिलं तर थॅकरे विरळ, आणि लीड्स-हॅरोगेटच्या आसपास पाहिलं तर थॅक्रे मंडळी चांगली दाट. झाड उपटलं तर मुळं कुठवर गेलीत ते दिसावं, तसा हा पसारा आहे. आणि मला त्याची विरळता हाच त्याचा दागिना वाटतो, कारण ती विरळता म्हणजे मूळच्या जागेचा पत्ता आहे.

लीड्समधल्या तिघांचा उल्लेख करावासा वाटतो. चार्ल्स टर्नर थॅक्रा हे तिथले डॉक्टर, जन्म 1795. शेवटी आ असलेलं जुनं रूप त्यांच्या घराण्यानं राखलं होतं. 1831 साली त्यांनी कारखान्यांतल्या आणि निरनिराळ्या धंद्यांतल्या कामांचा कामगारांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो यावर पुस्तक लिहिलं. कामाच्या ठिकाणच्या आजारांवरचं इंग्लंडमधलं ते मूळारंभाचं काम मानलं जातं. दोन वर्षांत, ऐन अडतिशीत ते गेले. दुसरे चार्ल्स एफ. थॅक्रे, ज्यांच्या नावाची पेढी लीड्समध्ये 1902 साली औषधांच्या दुकानातून सुरू झाली आणि पुढे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवू लागली. जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा तयार केला, तो बनवण्याचं काम याच पेढीनं केलं. लीड्समधलं वैद्यकीय संग्रहालय आज थॅक्रे याच नावानं उभं आहे, आणि ते आहे जुन्या गरीबखान्याच्या इमारतीत. तिसरे जेक थॅक्रे, गाणी रचणारे आणि गिटारवर स्वतःच म्हणणारे, 2002 साली गेले. डॉक्टर, कारागीर, गायक. तिघांची कामं वेगळी, एकाच्या नावाचं रूपही वेगळं, पण नावातला तो टणक ‘क’ तिघांकडेही आहे.

ज्या शाखेनं मधला ‘ई’ ठेवला ती हॅम्प्सथ्वेटची. हे गाव फ्यूस्टनपासून काही मैलांवर, निड नदीच्या काठी. गावाच्या नावात ‘थ्वेट’, म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन, पुन्हा नॉर्सच शब्द. गवताच्या बेचक्यातली माणसं मोकळ्या रानात आली, इतकं सरळ ते नकाशावर वाचता येतं. याच घराण्यातले टॉमस थॅकरे अठराव्या शतकात हॅरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांना सोळा मुलं. त्यांतला सगळ्यात धाकटा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला गेला आणि सिल्हेटला कलेक्टर झाला. त्याच्या मुलांपैकी बहुतेक जण हिंदुस्थानात आले आणि बरेचसे इथेच मरण पावले. एक मुलगा सेंट जॉन थॅकरे धारवाडचा कलेक्टर होता. कित्तूरच्या राणी चेन्नम्मांच्या सैन्याशी 23 ऑक्टोबर 1824 रोजी झालेल्या लढाईत तो मारला गेला. दुसरा मुलगा रिचमंड कलकत्त्याला होता, आणि त्याच्या पोटी 18 जुलै 1811 रोजी विल्यम मेकपीस थॅकरे जन्मला. म्हणजे यॉर्कशरच्या त्या बेचक्याचं नाव साहित्यात अजरामर करणारा माणूस कलकत्त्यात जन्मला. वडील गेले, आणि पाच वर्षांच्या पोराला जहाजानं इंग्लंडला धाडलं.

या कादंबरीकाराला नावांचा कान होता. ‘व्हॅनिटी फेअर’ ही कादंबरी 1847-48 मध्ये हप्त्याहप्त्यानं छापली गेली. तिच्या नायिकेचं आडनाव शार्प, म्हणजे धारदार, आणि ती तशीच आहे. त्यातल्या एका लंपट सरदाराचं नाव लिहायला भारदस्त आहे, पण उच्चारलं की ‘स्टेन’, म्हणजे डाग, असं ऐकू येतं. डोळ्याला एक आणि कानाला दुसरं. ज्याच्या स्वतःच्या नावात न ऐकू येणारे आवाज आणि आगंतुक स्वर भरलेत, त्यानं हा खेळ इतक्या सफाईनं खेळावा हे मला अगदी साहजिक वाटतं. त्याच काळात शार्लट ब्राँटे यांनी ‘जेन एअर’ची दुसरी आवृत्ती थॅकरेंना अर्पण केली. त्या वेस्ट रायडिंगच्याच, हॉवर्थच्या. आणि त्यांचं आडनावही एका माणसानं विचार करून नव्यानं लिहिलेलं होतं : वडील आयर्लंडहून आले तेव्हा ब्रंटी होते, केंब्रिजला शिकताना त्यांनी ब्राँटे केलं आणि शेवटच्या ‘ई’वर दोन ठिपके दिले. आडनावाचं स्पेलिंग आपण निवडू शकतो, हे त्या घरात माहीत होतं.

हीच निवड पुढे पनवेलच्या एका माणसानं केली. केशव सीताराम ठाकरे, जन्म 1885, ‘प्रबोधन’चे संपादक आणि म्हणून प्रबोधनकार. त्यांना या इंग्रजी कादंबरीकाराचं लेखन फार आवडे, आणि आपलं आडनाव रोमन लिपीत लिहिताना त्यांनी त्याचंच स्पेलिंग घेतलं, असं सांगितलं जातं. दोन नावांचा उगमाशी काहीएक संबंध नाही. पण जुळणी किती सुंदर बसली ते अक्षर अक्षर घेऊन पाहा. टी-एच : इंग्रजीत तो दातांत जीभ धरून म्हणायचा आवाज आहे, नॉर्स लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर होतं, पण आपल्याकडे रोमनमध्ये ‘थ’ही टी-एचनंच लिहितात आणि ‘ठ’ही. पहिली दोन अक्षरं विनासायास बसली. ए म्हणजे आपला आ. सी-के म्हणजे क, जरा दणकट. मग तो पाहुणा ‘ई’. ‘ठाकरे’मध्ये क पाय मोडलेला नाही, त्याच्या पोटात अ आहे आणि तो बोलताना ऐकू येतो : ठा-क-रे. यॉर्कशरमधल्या आठ अक्षरांच्या रूपात त्या ‘अ’ला जागाच नव्हती. कादंबरीकाराच्या शाखेनं जपलेल्या रूपात ती होती. आणि शेवटचं आर-ए-वाय, नॉर्स ‘व्रा’चं शेपूट, मराठी ‘रे’वर हुबेहूब. मराठी ‘ठाकरे’ सरळ नियमानं रोमनमध्ये लिहिलं तर सात अक्षरांत होतं, आणि पुष्कळ ठाकरे कुटुंबं तसंच लिहितात. नऊ अक्षरांत लिहिताना एकही मराठी ध्वनी दुखावलेला नाही. वाचकाच्या आवडीतून झालेली ही निवड मला अतिशय रसिक वाटते.

एक बारकावा अजून. देवनागरीत ही दोन नावं एकत्र येतच नाहीत. कादंबरीकार थॅकरे, थ आणि अर्धचंद्र घेऊन, आणि प्रबोधनकार ठाकरे, ठ आणि काना घेऊन. ती एक होतात फक्त रोमनमध्ये, कागदावर. आवाज ज्याचा त्याच्याकडे राहिला.

पुन्हा कधी ती नऊ अक्षरं वर्तमानपत्रात दिसली, तर शेवटची तीन जरा सावकाश वाचा, त्या तिन्हींत अजून एक कोपरा आहे. नकाशावर तो शोधायला जाल तर मिळणार नाही. लीड्स शहराला पाणी कमी पडू लागलं तेव्हा वॉशबर्न नदीवर एकामागून एक बंधारे घातले गेले, आणि त्यांतला फ्यूस्टनचा तलाव 1879 साली पुरा झाला. थॅक्रे नावाचं ठिकाण त्या पाण्याखाली आहे.